बँकर बोलावला, सही घेतली, घरी पाठवला: ग्रीसचे पापादेमोस आणि त्यांच्या आधीचे

खातेउतारा

लुकास पापादेमोस हे नाव आज फारसं कुणाला आठवत नसेल. २०११ च्या नोव्हेंबरात मात्र रोज पेपरात होतं. ग्रीस बुडतंय, युरो फुटतोय, आणि त्यात आयुष्यात कधी निवडणूक न लढवलेला एक बँकवाला माणूस थेट पंतप्रधान. सहा महिने राहिला आणि गेला. काळजीवाहू म्हणलं की आपल्याला वाटतं फायली इकडून तिकडे सरकवणारा, मोठ्या निर्णयाला हात न लावणारा कुणीतरी असेल, आणि या गृहस्थांनी काय केलं तर जगात तोवर झालेली सगळ्यात मोठी सरकारी कर्जाची पुनर्रचना. म्हणून हा धागा.

आधी माणूस. जन्म अथेन्स, १९४७. एमआयटीतून आधी फिजिक्स, मग इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स, मग इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी. फ्रँको मोदिग्लियानी (पुढे नोबेल मिळालेले) यांच्याबरोबर १९७५ साली जो पेपर लिहिला त्यातली कल्पना, म्हणजे बेरोजगारी अमुक पातळीच्या खाली गेली की महागाई भडकायला लागते ती पातळी, आजही अर्थशास्त्राच्या पोरांना शिकवतात. कोलंबियात शिकवलं, १९८५ ला बँक ऑफ ग्रीसमध्ये चीफ इकॉनॉमिस्ट, १९९४ ते २००२ गव्हर्नर. द्राख्मा जाऊन युरो आला तो यांच्याच काळात, एका युरोला ३४०.७५ द्राख्मा. नंतर २०१० पर्यंत युरोपियन सेंट्रल बँकेचे उपाध्यक्ष. एकूण काय तर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नर टाईपचा माणूस, आवाज हळू, भाषण रटाळ, टाय सरळ.

आता प्रसंग. ऑक्टोबर २०११ च्या शेवटी युरोपनं ग्रीसला सांगितलं की खाजगी बँका-फंडांकडून घेतलेलं निम्मं कर्ज उडवू, नवीन पैसे देऊ, बदल्यात आणखी कपात करा. पंतप्रधान जॉर्ज पापांद्रेऊंनी ३१ ऑक्टोबरला अचानक जाहीर केलं की यावर सार्वमत घेतो. झालं, आकाश कोसळलं. फ्रान्समधल्या कान गावी जी-२० ची बैठक होती तिथे जर्मनीच्या मर्केल आणि फ्रान्सच्या सार्कोझींनी त्यांना बोलावून असं काही झापलं की सार्वमत गुंडाळलं गेलं आणि आठवड्याभरात खुर्ची पण गेली. पुढचे चार दिवस अथेन्समध्ये नुसता घोळ, आज या सभापतीचं नाव, उद्या त्या न्यायाधीशाचं. शेवटी १० तारखेला पापादेमोस ठरले आणि ११/११/११ ला शपथ. पासोक (पापांद्रेऊंचा समाजवादी पक्ष), न्यू डेमोक्रसी (उजवे) आणि लाओस नावाचा कट्टर उजवा पक्ष, असं तिघांचं सरकार. विश्वासदर्शक ठरावाला ३०० पैकी २५५ मतं. सिरिझा (डाव्यांची आघाडी) आणि कम्युनिस्ट बाहेर.

खरी गंमत यानंतर आहे. युरोपनं सांगितलं की पुढचा हप्ता हवा असेल तर सगळ्या पक्षांच्या प्रमुखांनी लेखी हमी द्या. न्यू डेमोक्रसीचे अँतोनिस सामारास म्हणाले माझा शब्द पुरे, कागदावर सही कसली मागता. दीड आठवडा हेच चाललं! पैसे संपत आलेत, पगार-पेन्शनचे वांधे, आणि भांडण सहीवरून. २३ नोव्हेंबरला सामारासनी पत्र दिलं एकदाचं, ते पण आपल्या अटी घालून.

माझ्या मते पापादेमोस का आणले याचं उत्तर त्या पत्राच्या भांडणातच आहे. काम करायचंय हे तिघांनाही मान्य होतं. सही आपली नको होती. आपल्याकडे सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटला सगळे तयार असतात पण करारावर सही करायला कुणी सेक्रेटरी व्हायला तयार नसतं, मग तिसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड बँक मॅनेजर पकडून आणतात, तसलाच प्रकार.

आणि सही कशावर केली ते बघा. १२ फेब्रुवारी २०१२ च्या रात्री दुसरा बेलआउट, म्हणजे बुडताना मिळणारं मदतीचं कर्ज, पास झाला, १३० अब्ज युरोचा, १९९ विरुद्ध ७४. किमान वेतन ७५१ वरून ५८६ युरो, २५ च्या खालच्यांना ५११. पासोक आणि न्यू डेमोक्रसीनं विरोधात मत दिलेले आपलेच चाळीसच्या वर खासदार त्याच रात्री काढून टाकले. लाओस दोन दिवस आधीच सरकारातून पळालेला. मग मार्चमध्ये रोख्यांची अदलाबदल, साधारण २०६ अब्जांच्या रोख्यांवर ५३.५ टक्के कपात. दर १०० युरोमागे १५ युरोचे युरोपच्या फंडाचे शॉर्ट टर्म कागद आणि ३१.५ युरोचे नवे ग्रीक रोखे, ११ ते ३० वर्षांचे. व्याज आणि मुदत धरली तर नुकसान सत्तर टक्क्यांच्या वर जातं. २० मार्चला साडेचौदा अब्जांच्या आसपासची परतफेड उभी होती आणि तिजोरीत खडखडाट, त्यामुळे ९ मार्चला हे उरकलं नसतं तर सरळ दिवाळं.

विशेष म्हणजे पंतप्रधान व्हायच्या काहीच आठवडे आधी याच गृहस्थांनी लंडनच्या पेपरात लेख लिहून जबरदस्तीच्या कर्जकपातीला विरोध केला होता. ज्याला विरोध केला तेच करायला बसवला.

६ मेला निवडणूक झाली. पासोक तेरा टक्क्यांवर, न्यू डेमोक्रसी १९ च्या जरा खाली, सिरिझा दोन नंबरवर, आणि गोल्डन डॉनसारखे नाझी छापाचे लोक २१ जागा घेऊन संसदेत. म्हणजे सही दुसऱ्याची घेऊन पण पक्षांचं भागलं नाहीच.

ग्रीसमध्ये हा प्रकार पहिल्यांदा झालेला नाहीये. बँकेतून उचलून पंतप्रधान केलेली मंडळी तिथे बरीच आहेत. ज्यांना माहीत आहे त्यांनी भर घालावी.

चिंचगूळ

भारी धागा. पण एक सांगा, याला निवडून कुणी दिलं? मर्केलबाईंनी? सार्वमत मागणारा घालवला आणि बँकवाला बसवला, यात लोकशाही कुठे बसते? २५५ मतं वगैरे ठीक आहे हो, पण ते २५५ ज्या जाहीरनाम्यावर निवडून आले होते त्यात हे कुठे होतं? पापांद्रेऊ तर 'पैसा आहे' म्हणून २००९ ला जिंकले होते ना.

तिसरी_घंटा

धागा चांगलाय पण 'काळजीवाहू' शब्द मोघम वापरलाय, जरा फोड करून सांगतो.

ग्रीसमध्ये आज खरंखुरं काळजीवाहू सरकार म्हणजे फक्त निवडणूक घेणारं. त्याचा पंतप्रधान कोण हे त्यांच्या घटनेच्या ३७ व्या कलमात दिलंय. निवडणुकीनंतर कुणालाच बहुमत नसेल तर पहिल्या तीन पक्षांना क्रमाने तीन तीन दिवस देतात, सरकार जमतंय का बघा म्हणून. नाहीच जमलं तर सगळ्यांचं मिळून सरकार होतंय का बघतात, आणि तेही नाही झालं तर राष्ट्रपती तीन सर्वोच्च न्यायालयांपैकी (हो, तिथे तीन आहेत, प्रशासकीय, दिवाणी-फौजदारी आणि हिशेब तपासणीचं) एकाच्या मुख्य न्यायाधीशाला बसवतो. म्हणून पापादेमोसच्या नंतर मे २०१२ मध्ये आले ते पिक्रामेनोस न्यायाधीश, २०१५ ला वासिलिकी थानू न्यायाधीश (ग्रीसच्या पहिल्या महिला पंतप्रधान, महिनाभरासाठी का होईना), २०२३ ला सार्मास ते पण न्यायाधीश.

म्हणजे नुसतं दुकान सांभाळायचं असेल तर न्यायाधीश, आणि दुकानातला माल काढायचा असेल तर बँकर. पापादेमोसचं सरकार रीतसर विश्वासमत घेतलेलं, पूर्ण अधिकाराचं सरकार होतं, फक्त मुदत आधी ठरलेली. त्यामुळे चिंचगूळ यांच्या प्रश्नाला उत्तर, कायद्यानं चोख होतं. नैतिकतेचं तुम्ही ठरवा.

खातेउतारा

@तिसरी_घंटा, न्यायाधीश आणि बँकरची ही फोड आवडली. 'मुदत आधी ठरलेली' बद्दल मात्र, मुदत ठरलेली पण कुणी पाळली नाही. सामारासना फेब्रुवारीतच निवडणूक हवी होती, रोख्यांचं काम मार्चपर्यंत गेलं म्हणून मे उजाडला.

सुपारीफोड

सगळे त्याला संत करायला निघालात. अहो हाच माणूस बँक ऑफ ग्रीसचा गव्हर्नर असताना गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेबरोबर तो स्वॅपचा (कर्जाच्या अदलाबदलीच्या कराराचा) खेळ झाला ना, कर्ज लपवून युरोत घुसायचं. म्हणजे आग लावली त्यालाच बंब घेऊन बोलावलं. आणि युरोपियन सेंट्रल बँकेनं स्वतःकडच्या ग्रीक रोख्यांवर एक पैसा सोडला नाही, आधीच वेगळे काढून घेतले, आणि ग्रीसच्या पेन्शन फंडांना मात्र लागली कात्री. माजी उपाध्यक्ष कोण? ओळखा पाहू.

रेवती_माइनकाठ

सुपारीफोड, राग समजतो, पण दोन गोष्टींची सरमिसळ होतेय.

गोल्डमनचा स्वॅप २००१ चा. ग्रीसला युरोत घ्यायचं ठरलं जून २००० मध्ये, आणि ते १ जानेवारी २००१ ला आत आले. म्हणजे त्या स्वॅपच्या जोरावर आत शिरले हे तारखांतच बसत नाही. शिवाय व्यवहार केला तो सरकारच्या कर्ज सांभाळणाऱ्या एजन्सीनं, मध्यवर्ती बँकेनं नाही. गव्हर्नरला कळलं नसेल का, कळलं असेल, तो प्रश्न विचारायचा हक्क आहेच. प्रवेशाचे आकडे मात्र वेगळ्याच कारणानं चुकीचे होते. १९९९ ची तूट तीन टक्क्यांच्या आत दाखवली होती, २००४ मध्ये फेरतपासणी झाल्यावर ती ३.४ निघाली. ते वित्त मंत्रालय आणि आकडेवारी खात्याचं पाप.

सेंट्रल बँकेच्या रोख्यांचं म्हणता ते मात्र शंभर टक्के खरं. तिकडे जर्मनीत सुद्धा तेव्हा लोक दोन्ही बाजूंनी बोलत होते, काही म्हणायचे आमचे पैसे परत येणार का, काही म्हणायचे बँका वाचल्या आणि ग्रीक म्हातारे मेले. ऑफिसात कॉफी मशीनपाशी ग्रीक कलीग आला की सगळे गप्प व्हायचे, बिचारा स्वतःच विषय काढायचा आणि विनोद करायचा.

गमतीची गोष्ट म्हणजे १ नोव्हेंबर २०११ ला सेंट्रल बँकेचे अध्यक्ष झालेले मारिओ द्रागी, ते पण सत्तरच्या दशकातले एमआयटीचेच पीएचडी. आणि पुढे २०२१ ला तेही इटलीचे पंतप्रधान झाले, न निवडून येता. काय ते बॅच!

लाटांवरचा

मी मर्चंट नेव्हीत, त्या वर्षी आमचं जहाज पेरामाला रिपेअरसाठी लागलेलं, पिरेअसच्या पलीकडे शिपयार्डांची रांग आहे तिथे. एकेकाळी तिथे वेल्डिंगच्या ठिणग्या रात्रभर उडायच्या म्हणे, आम्ही गेलो तेव्हा निम्मे यार्ड बंद, गेटावर माणसं नुसती बसलेली, आज काम आहे का विचारायला. आमच्या एजंटचा माणूस रोज यायचा कागदपत्रं घेऊन, पन्नाशीचा, त्याचा पोरगा एका गोडाऊनला लागलेला. तो पोरगा २३ वर्षांचा. फेब्रुवारीत कायदा पास झाल्यावर त्या बापानं मला सिगारेटच्या पाकिटावर पेनानं लिहून दाखवलं, ७५१ आणि त्याखाली ५११, मध्ये एक रेघ. बोलला काहीच नाही, पाकीट खिशात टाकलं आणि म्हणाला चल बंकरची (जहाजाच्या इंधनाची) पावती सही कर.

त्यानंतरच्या आठवड्यात शोअर लीव्ह मिळाली तेव्हा अथेन्सला गेलो होतो. सिंटाग्मा चौकाच्या संगमरवरी पायऱ्यांच्या कडा फोडलेल्या, पोलिसांवर फेकायला दगड म्हणून. स्टाडिऊ रस्त्यावर आतिकोन नावाचं जुनं थेटर जळून काळं पडलेलं, वास अजून येत होता. चाळीसच्या वर इमारती जळाल्या त्या १२ तारखेच्या रात्री. आणि तरी समोर कॉफीवाल्याकडे गर्दी, लोक बसलेत, बोलतायत, हात हलवतायत.

मी त्या एजंटच्या माणसाला विचारलं होतं तुमचा नवा पंतप्रधान कसा आहे. तो म्हणाला चांगला माणूस आहे, प्रामाणिक आहे, फक्त त्याला कधी बसमध्ये बघितलं नाही. आता हे कौतुक होतं का काय मला आजपर्यंत कळलेलं नाही.

कोपऱ्यातला

लाटांवरचा, काय लिहिलंय. सिगारेटचं पाकीट डोळ्यासमोर आलं.

त्याच सिंटाग्मात ४ एप्रिल २०१२ ला, सकाळच्या वेळी, एका ७७ वर्षांच्या निवृत्त फार्मासिस्टनं जीव दिला. मागे चिठ्ठी होती आणि तीत सरकारला 'त्सोलाकोग्लूचं सरकार' म्हणलं होतं. बाहेरच्या माणसाला यात काही कळणार नाही, पण ग्रीक माणसाला ती शिवी लगेच कळते. जनरल त्सोलाकोग्लू म्हणजे १९४१ साली जर्मनांपुढे शरण जाऊन त्यांच्याच हाताखाली पंतप्रधान झालेला.

आणि इथेच खातेउतारा यांनी विचारलेली परंपरा येते. त्सोलाकोग्लूनं शरणागती दिली त्याच्या दोनच दिवस आधीपर्यंत पंतप्रधान कोण होता? बँकर! अलेक्झांड्रोस कोरिझिस, नॅशनल बँक ऑफ ग्रीसचे गव्हर्नर. हुकूमशहा मेटाक्सास जानेवारी १९४१ च्या शेवटी आजारपणात गेला, इटलीशी युद्ध चालू, आणि राजानं पंतप्रधानपद या बँकवाल्याच्या हातात दिलं. ६ एप्रिलला पहाटे जर्मन राजदूत घरी येऊन म्हणाला आमचं सैन्य आत येतंय. कोरिझिसनी सांगितलं आम्ही लढू. मेटाक्सासनं ऑक्टोबर १९४० मध्ये इटलीला दिलेला नकार सगळ्यांना पाठ आहे, त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते, या बँकरचा नकार कुणाच्या लक्षात नाही. पुढच्या बारा दिवसांत आघाडी कोसळली, १८ एप्रिलला, त्यांचा गुड फ्रायडे होता, राजाबरोबरची बैठक संपवून कोरिझिस घरी गेले आणि त्यांनी स्वतःला संपवलं. दोन दिवसांनी त्सोलाकोग्लूनं शरणागतीवर सही केली, २७ तारखेला जर्मन अथेन्समध्ये.

म्हणून तुमची 'सहीसाठी बँकर आणतात' ही थिअरी मला अर्धीच पटते. इथे बँकरनं सही केली नाही, जनरलनं केली.

कोरिझिसनंतर राजानं कुणाला नेमलं असेल? परत बँकर. एमानुइल त्सुदेरोस, बँक ऑफ ग्रीसचे माजी गव्हर्नर. ते सरकार घेऊन आधी क्रीट मग कैरोला गेले आणि १९४४ पर्यंत परदेशातून पंतप्रधान राहिले.

खातेउतारा

@कोपऱ्यातला, कोरिझिस माझ्या थिअरीत बसत नाहीत हे खरं आहे, आणि ते बसवायचा आटापिटा पण करत नाही. युद्धात सहीचा अर्थ वेगळा.

पण इतके बँकर का, याचं एक उत्तर इतिहासात आहे. ग्रीस जन्मापासून कर्जावर चाललेला देश. १८९३ ला पंतप्रधान त्रिकुपिस यांनी दिवाळं जाहीर केलं, १८९८ पासून परकीय देणेकऱ्यांचं कमिशन अथेन्सलाच येऊन बसलं, मिठावरचा-काडेपेट्यांवरचा कर परस्पर गोळा करायला. नोटा काढायचं काम १९२८ पर्यंत नॅशनल बँक करायची, ती एक खाजगी बँक. मग लीग ऑफ नेशन्सनं कर्ज देताना अट घातली म्हणून बँक ऑफ ग्रीस वेगळी झाली, तिचे पहिले गव्हर्नर दिओमिदिस, तेही १९४९ ला पंतप्रधान झाले! त्सुदेरोस १९३२ च्या दिवाळ्याच्या वेळी गव्हर्नर. अशा देशात परदेशी देणेकऱ्याशी इंग्रजी-फ्रेंचमध्ये बोलू शकणारा, आकडे पाठ असणारा, आणि पक्षाचा शिक्का नसलेला माणूस कुठे सापडणार? बँकेच्या वरच्या मजल्यावर.

वाळवणवाली

झोलोटास कसे कुणाला आठवले नाहीत? व्हॉट्सॅपवर फिरतं ना ते, वर्ल्ड बँकेच्या सभेत इंग्रजीत भाषण केलं पण जवळपास सगळे शब्द मुळात ग्रीक. १९५७ आणि १९५९, दोनदा केलं त्यांनी. लोकांना तेवढंच माहीत, पण झेनोफोन झोलोटास पंतप्रधान झाले ते वयाच्या ८५ व्या वर्षी!

१९८९ चा काळ. त्याआधी बँक ऑफ क्रीटचा मालक कोस्कोतास याचा घोटाळा, बँकेतले पैसे उडवलेले, आंद्रेआस पापांद्रेऊंच्या (२०११ च्या जॉर्जचे वडील) पासोक सरकारवर शिंतोडे. जूनमध्ये निवडणूक, त्रिशंकू. नोव्हेंबरमध्ये परत निवडणूक, परत त्रिशंकू. शेवटी उजवे, पासोक आणि डावे असे तिन्ही एकमेकांचे हाडवैरी एकत्र बसले आणि म्हातारबुवांना बोलावलं. एका बँकरमुळे खड्डा पडला, दुसरा बँकर भरायला.

आणि हा माणूस कमी नव्हता. १९५५ पासून १९६७ पर्यंत गव्हर्नर, लष्करानं सत्ता घेतली तसा राजीनामा दिला, लोकशाही आल्यावर १९७४ ते ८१ परत गव्हर्नर. त्यामुळे तिन्ही पक्षांना चालणारा.

पण खातेउतारा, तुमच्या थिअरीला इथे उलटा पुरावा आहे. झोलोटासना नाव मिळालं, काम करू दिलं नाही. महागाई वीस टक्क्यांच्या आसपास, कर्ज वाढतंय, अँगेलोपुलोस यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली, युरोपियन कमिशनच्या जाक देलोरनं मार्च १९९० मध्ये त्यांना खरमरीत पत्र पाठवलं की तुमच्या अर्थव्यवस्थेचं काहीतरी करा. कोण करणार? तिन्ही पक्ष पुढच्या निवडणुकीकडे डोळे लावून. राष्ट्रपती निवडायला १८० मतं जमेनात म्हणून संसद बरखास्त, एप्रिल १९९० ला तिसरी निवडणूक, उजव्यांच्या मित्सोताकिसना बरोब्बर १५० जागा (बहुमताला १५१!), एका छोट्या पक्षाच्या एकाच खासदारावर सरकार. झोलोटास घरी. नंतर १०० वर्षं जगून २००४ ला गेले.

आकड्यांचे प्रश्न दोघांचेही भयंकर होते. पापादेमोसच्या वेळी २० मार्चची तारीख होती, झोलोटासच्या वेळी तारीखच नव्हती. तारीख नसेल तर बँकर आणा नाहीतर ब्रह्मदेव आणा.

तिसरी_घंटा

वाळवणवाली +१. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावं.

यादीत आणखी एक राहिला, इओआनिस पारास्केवोपुलोस, नॅशनल बँकेचे डेप्युटी गव्हर्नर. हे मात्र अस्सल काळजीवाहू, आणि दोनदा! पहिल्यांदा डिसेंबर १९६३ च्या शेवटी. थोरल्या जॉर्ज पापांद्रेऊंकडे (आंद्रेआसचे वडील) बहुमत नव्हतं, डाव्यांच्या टेकूवर राज्य करायचं नव्हतं, राजीनामा दिला, पारास्केवोपुलोसनी १६ फेब्रुवारी १९६४ ला निवडणूक घेतली, पापांद्रेऊ ५२.७ टक्के घेऊन आले. सुरळीत. दुसऱ्यांदा डिसेंबर १९६६ ला, मे १९६७ मध्ये निवडणूक घ्यायची म्हणून. यावेळी मार्चअखेरीस सरकार पडलं, कशावरून, तर संसद बरखास्त झाल्यावर खासदारांचं संरक्षण चालू ठेवायचं का यावरून, म्हणजे आंद्रेआस पापांद्रेऊंना अटक करता येणार की नाही यावरून. तीन आठवड्यांत, २१ एप्रिलला, रणगाडे रस्त्यावर. सात वर्षं निवडणूकच नाही.

आता एक मजा बघा. त्सुदेरोस १९४४ ला गेले, मध्ये दहा-बारा दिवस एक जण, आणि मग पंतप्रधान थोरले पापांद्रेऊ. १९६४ ला पारास्केवोपुलोसकडून खुर्ची थोरल्या पापांद्रेऊंकडे. १९८९ ला झोलोटासना टेकू देणाऱ्या तिघांतले एक आंद्रेआस पापांद्रेऊ. २०११ ला नातवानं, धाकट्या जॉर्जनं, खुर्ची दिली ती पापादेमोसना. तीन पिढ्या, दरवेळी शेजारी एक बँकर.

मोडीवाचक

आपल्याकडे मनमोहनसिंग की. १९८२ ते ८५ रिझर्व्ह बँक, मग अर्थमंत्री, मग पंतप्रधान.

कोपऱ्यातला

मनमोहनसिंग दहा वर्षं होते हो, निवडून आलेल्या आघाडीच्या जिवावर, एकाच कामासाठी आणलेले नव्हते. मराठी जोडच हवी असेल तर चिंतामणराव देशमुख घ्या, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री, आणि १९५६ ला मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा तोंडावर टाकून बाहेर. बँकर सही नाकारतो तेव्हा काय दिसतं ते तिथे बघा. पण हे अवांतर, वेगळा धागा काढा कुणीतरी.

सुपारीफोड

मी परत आलो. रेवतीताई, स्वॅपच्या तारखा मान्य. पण मग मला हे सांगा, कपात नक्की कुणाची झाली? कारण मी वाचलंय की काही हेज फंडांना (श्रीमंतांच्या पैशावर जोखमीचे सौदे करणारे फंड) पूर्ण पैसे मिळाले.

रेवती_माइनकाठ

मिळाले. आणि का मिळाले ते सांगते.

बहुतेक रोखे ग्रीक कायद्याखाली काढलेले होते. ग्रीक कायदा म्हणजे ग्रीक संसदेच्या हातात. २३ फेब्रुवारी २०१२ ला त्यांनी कायदा केला, की निम्म्या रकमेचे धारक मतदानाला आले आणि त्यातल्या दोन तृतीयांशांनी हो म्हणलं, तर नाही म्हणणाऱ्यांवरही अदलाबदल लागू. आधीच विकलेल्या रोख्यांना मागाहून लावलेला नियम! मोठ्या बँकांना सरकारनं आधीच पटवलेलं, त्यामुळे ८५.८ टक्के आपणहून आले आणि बाकीचे ओढले गेले. त्या ओढल्या गेलेल्यांत निवृत्तीचे पैसे सरकारी रोख्यात ठेवलेले हजारो साधे ग्रीक लोक होते. सरकारी म्हणजे सुरक्षित म्हणून घेतलेले. ते वर्षानुवर्षं कोर्टात जात राहिले.

थोडे रोखे मात्र इंग्लिश कायद्याखालचे. त्यांना अथेन्सची संसद हात लावू शकत नव्हती. हेज फंडांनी नेमके तेच स्वस्तात उचलले, त्या त्या रोख्यात नकार देण्याइतका हिस्सा जमवला आणि गप्प बसून राहिले.

सुपारीफोड

आणि सरकारनं दिले? पूर्ण?

खातेउतारा

दिले. १५ मे २०१२ ला पहिला असा रोखा मुदतीला आला, साधारण ४३५ दशलक्ष युरो, शंभर टक्के चुकते केले. निवडणूक होऊन गेलेली, नवं सरकार जमत नव्हतं, राष्ट्रपतींकडची शेवटची बैठक त्याच दिवशी फिसकटली. पैसे नाही दिले तर लंडनमध्ये खटले आणि नव्यानं दिवाळ्याचा शिक्का, दिले तर अथेन्समध्ये लोक विचारणार की पेन्शनरांचे कापले आणि यांचे का नाही. संसदेत कुणाकडेच बहुमत नसताना हा निर्णय घेतला तो जाता जाता पापादेमोस सरकारनं. दुसऱ्या दिवशी पिक्रामेनोस न्यायाधीश आले.

आणि ज्यांना वाटतंय की हे सगळं करून गृहस्थ आरामात फ्रँकफर्टला जाऊन बसले, त्यांच्यासाठी. मे २०१७ मध्ये अथेन्सला गाडीत बसून टपाल उघडताना पाकिटातल्या बॉम्बचा स्फोट झाला, ते आणि बरोबरचे दोघं जखमी झाले. पंतप्रधानपद सोडून पाच वर्षं झाली होती.

चिंचगूळ

दिओमिदिसवर कुणी लिहिणार आहे का? यादवी युद्ध संपलं तेव्हा पंतप्रधान हेच ना?

कोपऱ्यातला

हो, १९४९ चा शेवट. सोफुलिस पंतप्रधान असतानाच वारले म्हणून यांना बसवलं. रविवारी लिहितो, जमलं तर.